कोरड्या खोलीची किंमत

फार पूर्वी एका माळावर भुरी नावाची उंदरीण राहत होती. होणाऱ्या पिल्लांसाठी तिने बिळाखाली नवी खोली खणली, अंथरायला सावरीचा कापूस जमवला. पण भिंतीला ओलसर वास येई. पाणी येतंय तरी कुठून? तिने थोडा कापूस भिंतीत खोचून पाहिला. सकाळी तो चिंब भिजला होता.

भुरीने उरलेला सगळा कापूस खारीला दिला, बदल्यात डिंक आणला आणि तो मातीत कालवून भिंती लिंपल्या.

"अगं, पिल्लं काय उघड्या जमिनीवर निजणार?" नवरा चिडला.

"निजतील. पण कोरडी निजतील."

पिल्लं झाली तेव्हा धो धो पाऊस होता. भिजून आलेला नवरा कोरड्या भिंती बघून दारातच थबकला आणि अंग झटकून मगच आत आला.