दुभाषी कोणाला लागतो?

तात्यासाहेब घारपुरे बावीस वर्षं कर्णबधिर शाळेचे अध्यक्ष होते. मुख्याध्यापक कर्णबधिरच हवा म्हणून विद्यार्थी तीन दिवस फाटकाशी ठाण मांडून बसले, तेव्हा ते तणतणत बाहेर आले.

"बहिऱ्या माणसाला पावलोपावली दुभाषी लागेल! शाळा चालवणार कसा?"

सोबत आलेल्या शिक्षिका बाईंनी ते मुलांना खुणांनी सांगितलं. दहावीतल्या शलाकाने झरझर हात हलवून उत्तर दिलं.

तात्यासाहेब बाईंकडे वळले. "काय म्हणाली?"

मुलं खदखदून हसली. बाई चाचरल्या, "ती मला म्हणाली, बाई, साहेब आता तुमच्याकडेच वळतील. मग दुभाषी कोणाला लागतो ते बघा."

तात्यासाहेबांचे कान लाल झाले. बावीस वर्षांत या मुलांचा एक शब्दही आपण शिकलो नाही! खाली मान घालून त्यांनी विचारलं, "बाई, 'चुकलो' कसं म्हणतात?"

बाईंनी दाखवलेली खूण त्यांनी शलाकासमोर केली. नवे कर्णबधिर मुख्याध्यापक सोमवारी रुजू झाले.