गिअरबॉक्समधला भुसा

जुन्या गाडीच्या गिअरबॉक्समधून भुसा निघाल्याची ही कथा कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या गॅरेजांतून निदान तीन पाठांत सांगितली जाते. कऱ्हाडच्या बाजूला गाडी मालट्रक आहे. तिथे शिष्य गुरूच्या अंगावर पाना फेकतो आणि कथा हाणामारीत संपते. निपाणीकडे गुरूचा फकीर होतो, गॅरेजचा दर्गा होतो, आणि सांगणारे शेवटी चार वाक्यांचा उपदेश जोडतात. तो उघडच मागाहून चिकटवलेला आहे. जयसिंगपूरच्या फाट्यावर सांगतात तो पाठ सर्वांत आखूड आणि सर्वांत रागीट. त्यात उपदेश नाही. पुढे दिला आहे तो हाच.

"कुणी केलं असंल हे, वस्ताद? मला निस्तं नाव सांगा!"

गॅरेजच्या खड्ड्यात उभा राहून सातगोंडा मगदूम ओरडत होता. त्याच्या डोक्यावर एक जुनी व्हॅन होती. तिच्या गिअरबॉक्सचा खालचा बोल्ट त्याने नुकताच काढला होता, आणि ट्रेमध्ये तेलाऐवजी काळा, जाड लगदा थबाथबा पडत होता.

वर, खड्ड्याच्या कडेला, कासिम वस्ताद शिकलगार स्टुलावर बसून चहा पीत होते. सातगोंडा त्यांच्याच हाताखाली नऊ वर्षं शिकला. आता त्याचं स्वतःचं गॅरेज होतं, पण त्यात खड्डा नव्हता. गिअर ऑइल बदलायचं झालं की तो गाडी घेऊन इथे येई.

"काय निघालं?" वस्तादांनी विचारलं.

"तेल न्हाई. भुसा! लाकडाचा भुसा कालवलाय तेलात."

त्याने लगद्याची चिमूट वर धरली. वस्तादांनी वाकून ती बोटांत चोळली. वास घेतला.

"भुसाच हाय."

हे कर्म या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. झिजलेला गिअरबॉक्स घरघरतो. तेलात बारीक भुसा घातला की तो दात्यांच्या फटींत बसतो आणि आवाज दबतो. गाडी विकून होईपर्यंत दबलेलाच राहतो. मग एके दिवशी बेअरिंग फुटतं आणि धावती गाडी चाकं धरून जागच्या जागी थांबते... नीट थांबली तर.

"सोमवारपासनं ह्या गाडीत अकरा पोरं बसणार हायेत, वस्ताद! शाळंची पोरं! भर रस्त्यात चाकं धरली अन् मागनं डंपर आला तर? त्या हरामखोराला सापडू दे. त्याच्याच नरड्यात हा लगदा वततो का न्हाई बघा!"

"आवाज उतरव."

"का म्हणून उतरवू?"

"खड्ड्यात घुमतोय."

गाडी त्याच्या थोरल्या बहिणीची होती. सूतगिरणीतली बारा वर्षांची नोकरी सोडून राजमती शाळेची व्हॅन चालवणार होती. गाडी निवडली मात्र सातगोंड्याने. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सवर टेकवून त्याने मूठ कानाला लावली होती, आणि मेव्हण्यासमोर, एजंटासमोर, चार माणसांत सांगितलं होतं, "ह्याला आजून धा वर्षं हात लावायला नगो." कानाने गिअर पारखणारा म्हणून पंचक्रोशीत त्याचा लौकिक होता. भुशाचा राग त्याला होताच. भुशाने आपला कान फसवला याचा राग त्याहून मोठा होता, आणि तो कुणाला बोलून दाखवण्यासारखा नव्हता.

"गाडी घेतलीस कुणाकडनं?" वस्तादांनी विचारलं.

"हातकणंगल्याच्या एजंटाकडनं."

"त्याच्या आदी?"

"मधी दोघांकडं फिरली. मूळची कुरुंदवाडच्या कुणा तंबाकूवाल्याची. त्यानं चार वर्सांमागं इकली."

वस्तादांनी कप खाली ठेवला. चहा अर्धा होता.

सगळ्या पाठांचं इथे एकमत आहे. गुरू कप पुन्हा उचलत नाही.

सातगोंडा थांबला नाही. "हे एजंटाचं काम न्हवं. त्या बेण्याला वरचा बोल्ट कुठला अन् खालचा कुठला ते बी ठावं नसंल. हे मिस्त्रीचं काम हाय. बघा की, कसा बारीक हाय! चाळून घातलाय, वस्ताद, चाळणीनं चाळून! हात बसलेला मानूस हाय. असल्याच्या हाताखाली पोरं काय शिकत असतील?"

"शिकत असतील थोडंफार," वस्ताद म्हणाले.

"तुमाला थट्टा सुचतीया!"

"धू आता. डिझेलनं धू."

त्याने गिअरबॉक्स धुतला. पहिल्या वेळी डिझेल काळं निघालं, दुसऱ्या वेळी करडं. तिसऱ्या वेळी त्यात हात घातला तर बोटं स्वच्छ दिसली. प्रत्येक वेळी तो एक नवी शिवी देत होता आणि ती कुणाला लागू पडते हे त्याला माहीत नव्हतं. खालचा बोल्ट त्याने आवळला. बाजूच्या वरच्या बोल्टाच्या भोकातून हातपंपाने नवं तेल भरत राहिला, ते भोकातून परत ओघळू लागेपर्यंत. मधासारखं तेल होतं. वरचा बोल्टही बसवला.

मग खड्ड्यावरून गाडी काढून त्याने आवारात एक फेरी मारली.

पहिल्या गिअरमध्ये ती नुसती कण्हली. दुसरा टाकल्यावर जात्यात खडे भरडावेत तसा आवाज आला. फाटकाजवळच्या चिंचेवरचे कावळे उडाले.

गाडी पुन्हा खड्ड्यावर आणून त्याने इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर मूठ आपटली. मग आणखी एकदा.

"दोन्ही बेअरिंगं गेल्यात."

"मग खोलाय पायजे."

"खोलायचं म्हंजे माल पुण्याहनं यायचा. धा दिवस!"

"मग धा दिवस."

"तुमाला काय जातंय बोलाय! सोमवारी शाळा उघडती. आक्का दारात गेली न्हाई तर ती अकराच्या अकरा पोरं दुसऱ्या व्हॅनला जातील. एकदा गेली की वरीसभर परत येत न्हाईत. नोकरी सोडून बसलीया ती! अन् मी चार माणसांत सांगितलंय..."

तो थांबला.

"काय सांगितलंयस?"

सातगोंडा गाडीतून उतरला.

तेवढ्यात फाटकाशी राजमतीचा आवाज आला.

"सातू! झाली का रं माझी गाडी? का आजून तिच्या पोटातच हाईस?"

"झाली, आक्का! पाच मिंटं! तितंच थांब, हितं समदं तेल हाय, लुगडं खराब हुईल!"

तो परत खड्ड्यात उतरला. वरचा बोल्ट त्याने पुन्हा काढला. तेलाची एक तार भोकातून ओघळून त्याच्या मनगटावर आली. सांडलेलं तेल टिपायला प्रत्येक गॅरेजात असते तशी भुशाची पेटी खड्ड्याच्या कडेला होती. हात लांबवून त्याने तिच्यातून मूठ भरली. तळहातावर पसरून त्यावर हलकेच फुंकर घातली, जाड कपच्या नखाने उडवल्या. बारीक तेवढा ठेवला.

वस्ताद उठले. गुडघे धरल्यापासून चार वर्षं ते खड्ड्यात उतरले नव्हते. व्हॅनचा बंपर धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत, ते खाली आले आणि सातगोंड्यासमोर उभे राहिले. डोक्यावर गाडी, दोन्ही बाजूंना भिंती, मध्ये एका माणसाची जागा आणि तिच्यात दोघे.

त्यांनी त्याचा हात धरला नाही.

"किती?"

"मूठभर."

"दिवस किती?"

"धा, वस्ताद. फकस्त धा. माल आला की खोलतो. आईशप्पत खोलतो. आक्काला सांगतो, चाळीसच्या वर पळवू नगो. धा दिवसात काय हुतंय?"

वस्ताद त्याच्या मुठीकडे पाहत होते.



"बोला की!"

"कुरुंदवाडच्या तंबाकूवाल्याला मी आठ दिवस म्हणलो हुतो."

फाटकाशी राजमती कुणाशी तरी हसून बोलत होती. खड्ड्यात ते ऐकू येत होतं.

सातगोंड्याच्या चेहऱ्यावरचं रक्त आधी उतरलं, आणि मग कानशिलांपर्यंत चढलं. सकाळपासून ज्याला तो शिव्या घालत होता तो हातभर अंतरावर उभा होता, आणि त्याच्या अंगाला तोच तेलाचा वास येत होता जो नऊ वर्षं त्याने गुरूचा म्हणून ओळखला होता.

"तुमी?"

"व्हय."

"चाळून?"

"व्हय. चाळून."

"एक बोल्ट ढिला राह्यला तर कानफटात मारायचा तुमी! नऊ वर्सं! साऱ्या गिऱ्हाइकांम्होरं! ह्या कानानं मला तीन दिवस ऐकू येत नव्हतं एकदा. अन् तुमी... अकरा पोरं, वस्ताद!"

"व्हय."

"मग आता मी कुणाच्या कानफटात मारू? सांगा! कुणाच्या मारू?"

त्याचा हात वर गेला होता. बोटांच्या फटींतून भुसा गळत होता, वस्तादांच्या खांद्यावर, दाढीत. त्यांनी मान हलवली नाही. डोळेही मिटले नाहीत.

"आदी मूठ रिकामी कर," वस्ताद म्हणाले.

...

सातगोंड्याने मूठ पेटीत झटकली, वरचा बोल्ट बसवला आणि आवळला. खड्ड्यातून वर येऊन त्याने हात पुसले, फाटकापाशी गेला आणि राजमतीला आणून चालकाच्या जागेवर बसवलं.

"पुढं घे, आक्का. दुसरा टाक. अन् ऐक."

गाडी घरघरत खड्ड्यावरून पुढे गेली. वस्ताद अजून खालीच उभे होते.