शूरसेनाचा लाल शेला

काचेच्या कपाटातली खेळणी आपसांत बोलत, तेव्हाची ही गोष्ट. कपाटात शूरसेन नावाचा प्लास्टिकचा वीर होता. अंग गोरंपान, वर लालभडक कापडी शेला. दिवाळीच्या किल्ल्यात बुरुजावर त्यालाच उभं करायचं ठरलं होतं, आणि नेमका उजव्या खांद्यावर शेल्याचा लाल डाग पडला.

शेला म्हणाला, "दादा, माझा रंग कच्चा आहे. एक दिवस मला मिठाच्या पाण्यात भिजत घाला, म्हणजे सुटायचा थांबेल."

"आणि मी दिवसभर उघडा बसू? शेल्याशिवाय मला ओळखेल कोण?"

शेजारचा मातीचा मावळा हसला. "अहो, आम्ही ओळखू की!"

पण शूरसेन कुणाचं ऐकतोय! मुरुमांवरचं मलम उन्हात प्लास्टिकवरचे डागही उडवतं असं त्यानं ऐकलं होतं; त्यानं घरातल्या ताईचं ते मलम खांद्याला फासलं आणि खिडकीत उन्हाला बसला. डाग खरंच गेला. पण तेवढ्या वेळात शेला डाव्या खांद्यावर घेतला होता, तो खांदा लाल झाला. मग मलम डावीकडे, शेला उजवीकडे. असं करता करता दिवाळी आली. खांदे लख्ख झाले, आणि शेल्यात रंगच उरला नाही.

ताईनं किल्ला मांडायला घेतला. शूरसेनाला हातात धरून म्हणाली, "हे पांढऱ्या उपरण्याचे कोण बाई? भटजी दिसतात." आणि त्याला पायथ्याच्या देवळापाशी बसवलं.

बुरुजावर चढलेला मावळा खाली वाकून म्हणाला, "भटजीबुवा, खांदे मात्र स्वच्छ निघालेत हं!"