धूर वर हाय का?

फार फार वर्षांपूर्वी, तेव्हाच्या राजांची नावंसुद्धा आता कोणाला आठवत नाहीत इतक्या पूर्वी, चहूबाजूंनी डोंगर असलेल्या एका खोऱ्यात कुंभारांचं गाव होतं. लहानांनो, मोठ्यांनो, जरा सरसावून बसा. या गोष्टीत अख्खं गाव पळणार आहे, आणि सगळ्यांच्या पुढे एक शेळी!

या गावाला धुराचं भारी कौतुक. प्रत्येक दारात मडकी भाजायचा आवा, आणि प्रत्येक आव्यावर धूर. धूर वर पोचला की पूर्वज खूश होतात, असं तिथे मानत. ज्याचा धूर मोठा, तो माणूस मोठा. मुलगी द्यायची तीसुद्धा आधी धूर बघून. वाटेत कोणी भेटलं की एकानं विचारायचं, "धूर वर हाय का?" दुसऱ्यानं ताठ मानेनं सांगायचं, "वर हाय, वर!" आणि मग दोघांनीही खोकायचं.

खोकल्याचं कोणाला काही वाटत नसे. "आमच्या खोऱ्यात खोकला असतोच. आज्याला व्हता, पणज्याला व्हता," असं ते सांगत. जणू वाडवडिलांनी मागे ठेवलेलं सोनंच!

वर्षातून एकदा तिथे धुराचा मेळा भरे. त्या दिवशी सगळे आवे एकदम पेटत आणि सगळ्यात मोठ्या धुराला मानाचा फेटा मिळे. मग काय विचारता! ओला पाला, भिजका भुसा, फाटकं गोणपाट, हाताला लागेल ते आव्यात जाई. मडकी काळवंडली तर काळवंडली, धूर दाट हवा.

हा फेटा वर्षानुवर्षं एकाच घरी जात होता. त्या घरची कुंभारीण मोठी ठसकेबाज बाई. डोक्याला फेटा बांधून ती गावभर मिरवायची, आणि दरवर्षी थोडक्यात हरणारा पाटील दात-ओठ खात बघत राहायचा.

यंदा मात्र तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिची एकुलती एक लेक, दिवसभर चिवचिव करणारी, आता एक वाक्य धड पुरं करू शकत नव्हती. मध्येच श्वास अडकायचा. छाती लोहाराच्या भात्यासारखी खालीवर व्हायची. वैद्यबुवा काढे देत, पोर ते मुकाट्यानं पिई आणि दिवसेंदिवस वाळत जाई. तिच्या पोटात टिकायचं ते फक्त शेळीचं दूध.

ही शेळी म्हणजे भलतीच आगाऊ. ती बोलायचीसुद्धा! त्या काळी शेळ्या बोलत. पुढे कोणी ऐकेना, म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

मेळा जवळ आला तशी आव्यांची चाचणी सुरू झाली. एका सकाळी गावात इतका धूर कोंडला, की शेळीनं हिसका देऊन दावं तोडलं. "मी चालले वर!" ती ओरडली. "हितं श्वास घ्यायची चोरी. म्या न्हाई यायची परत!"

"थांब, मेले!" कुंभारणीनं लेकीला कमरेवर घेतलं आणि धावली. शेळी गेली तर दूध गेलं, आणि दूध गेलं तर लेक!

शेळी पुढे, कुंभारीण मागे. डोंगरावर ना कामाची माती, ना सरपण, त्यामुळे गावातलं कोणी कधी तिकडं फिरकत नसे. चढता चढता डोळ्यांची चुरचुर थांबली. ऊन लख्ख झालं. माथ्यावर पोचल्या तर असा वारा, की पदर आवरेना!

"आई, ती बघ आपली शेळी त्या दगडावर चढून आपल्याला वेडावतीया!" लेक म्हणाली.

कुंभारीण जागच्या जागी थबकली. अख्खं वाक्य! एका दमात!

"परत बोल," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"कायबी बोल गं माझे बाई!"

मग लेक बोलत सुटली. दगडाबद्दल, ढगाबद्दल, शेळीच्या दाढीबद्दल. कुंभारीण हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. इतका आनंद तिला फेट्यानंही कधी झाला नव्हता.

मग तिनं खाली बघितलं, आणि किंचाळली. "गाव कुठं गेलं?"

खाली ना घर दिसत होतं, ना देऊळ. नुसता मळकट, करडा थर पसरला होता.

"गाव तिथंच हाय, त्या गोधडीखाली," शेळी रवंथ करत म्हणाली. "रोज तुम्हीच शिवता, रोज तुम्हीच पांघरता."

"पण आमचा धूर तर वर जातो!"

"वर? वर तर मी असते. माझ्याकडं कधी आला न्हाई."

डोंगरावर पाणी नाही, निवारा नाही. लेकीला घेऊन उतरण्यावाचून इलाज नव्हता. शेळीही पोरीच्या मायेनं कुरकुरत उतरली. घरी येताच कुंभारणीनं आपला आवा विझवला आणि निश्चिंत झाली. पण शेजारच्या आव्याचा धूर भिंतीवरून खुशाल आत आला, आणि लेकीची छाती पुन्हा भात्यासारखी हलू लागली. कुंभारीण दारोदार हात जोडत फिरली. लोक हसले. "फेटा जाईल म्हणून भ्याली!"

आता? तिला वाटलं, एकटीनं आवा विझवून पोर वाचत नसेल, तर गावालाच वर न्यायला हवं. पण नेणार कसं? आणि मग तिला युक्ती सुचली. अशी सुचली की ती टुणकन उठून उभी राहिली!

मेळ्याच्या दिवशी तिनं आपला जुना फेटा सर्वांसमोर ठेवला. "गड्यांनो, धूर वर जातो, तर खालून कशाला मोजायचा? वरनं मोजू! डोंगरावरून जो आपला धूर बोटानं दाखवंल, त्याचा फेटा!"

पाटलानं मिशीवर ताव दिला. "कबूल!"

झालं! आवे पेटले आणि गाव निघालं पळत. पोरं पळाली, म्हातारे पळाले, ढेरी सावरत पाटील पळाला. "या, या लवकर!" शेळी पुढून ओरडत होती. कोणी घसरलं, कोणाची चप्पल राहिली, पण थांबलं कोणी नाही.

माथ्यावर पोचताच सगळे खाली वाकून बघू लागले.

"माझा कुठला?"

"त्यो तुझा."

"हॅट, त्यो तर माझा!"

कोणाचा कुठला, काही कळेना. थर सगळा एकच. अखेर पाटलानं बोट रोखलं. "त्यो मधला, काळाभोर! त्यो माझा!"

"नक्की?" कुंभारणीनं विचारलं.

"अगदी नक्की!"

"मग पाटील, त्याच्याच खाली माझं घर हाय. तुमचा धूर तिथनं उचला. माझ्या लेकीला श्वास घेता येत न्हाई."

पाटलाचं बोट हळूहळू खाली आलं. त्यानं कुंभारणीच्या कमरेवरच्या पोरीकडे बघितलं आणि मान खाली घातली. बाकीची बोटंही एकेक करून खाली आली.

तेवढ्यात एक म्हातारी म्हणाली, "ऐका की!"

"काय ऐकायचं? काईच ऐकू येत न्हाई."

"त्येच म्हणतीया मी. कुणीच खोकत न्हाई."

खरंच की! अख्खं गाव उभं होतं, आणि एकाचाही घसा खवखवत नव्हता. घराण्याचा म्हणून जपलेला खोकला डोंगर चढताना वाटेत कुठेतरी गळून पडला होता.

जितक्या वेगानं गाव चढलं, त्याच्या दुप्पट वेगानं उतरलं आणि सगळ्यांनी आवे विझवले. मग खोऱ्याच्या तोंडाशी, जिथे वारा बाहेर पळतो तिथे, सगळ्यांनी मिळून नवे आवे बांधले. सरपण उन्हात खडखडीत वाळवायचं, ओला पाला बंद, आणि वारं बाहेरच्या दिशेनं वाहू लागल्याशिवाय कोणी पेटवायचं नाही, असं ठरलं. वारं फिरलं की माथ्यावरून शेळी ओरडून सांगायची. तिनं हे काम फुकट केलं नाही हो! फेटा तिनंच खाल्ला.

काही म्हाताऱ्यांचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही. उशीर झाला होता. पण मडकी आता लालबुंद निघू लागली, वैद्यबुवांना दुपारी डुलकी काढायला सवड मिळू लागली, आणि कुंभारणीवर लेकीला "आता जरा गप बस" म्हणायची वेळ आली. तरी ती तसं कधी म्हणाली नाही.

आजही त्या गावात गेलात, तर धुराचं कोणी विचारणार नाही. वाटेत भेटलेला माणूस म्हणेल, "डोंगर दिसतोय का?" तुम्ही मान वर करून बघा आणि सांगा, "दिसतोय, दिसतोय!"

तात्पर्य: धूर ज्याचा त्याचा असला तरी हवा सगळ्यांची एकच असते, म्हणून ती सगळ्यांनी मिळूनच राखावी लागते.