घाटातन येणे

एका डोंगरी राज्यात विसाजीपंत नावाचे पत्रवाचक होते. त्यांचा आवाज असा, की साधी यादी वाचली तरी दरबार कान टवकारून ऐके. पंतांना याचा फार अभिमान होता.

राजा मानाजीच्या मुलीचे लग्न शेजारच्या राजपुत्राशी ठरले होते. एके सकाळी व्याह्यांचे पत्र आले. त्या काळी शब्द सुटे लिहीत नसत. सगळी ओळ सलग असे. पंतांनी पत्र आधी नजरेखालून घातले नाही. उभे राहिले आणि खणखणीत आवाजात वाचले, "वऱ्हाड घेऊन घाटात न येणे!"

राजा ताडकन उठला. "ठरलेलं लग्न मोडतात? घोड्यांवर खोगिरं चढवा!"

पुढचे कोणी ऐकलेच नाही. तासाभरात पहिली तुकडी घाटाकडे निघाली.

पंत पत्र घेऊन नकलेसाठी दप्तरखान्यात गेले. "पंत, पुढच्या ओळी सांगा," म्हातारे कारकून धोंडदेव म्हणाले.

पंत वाचू लागले. 'बैलांसाठी माळावर पाणी भरून ठेवले आहे. गावातन दहा माणसे सामोरी पाठवतो.'

पंत थबकले. येऊ नका म्हणणारा माणूस पाणी कशाला भरून ठेवेल? आणि 'गावातन' म्हणजे गावातून. मग वरचा शब्दही 'घाटातन'. घाटातून येणे! पंतांनी धोंडदेवांना ती ओळ दाखवली.

धोंडदेवांनी दार लोटले. "गप्प राहा, पंत. महाराज मान उडवतील. लढाईनंतर पत्र कोण बघतंय?"

बाहेर दुसऱ्या तुकडीची नौबत झडू लागली. पंत पत्र घेऊन धावले आणि राजाच्या घोड्यापुढे उभे राहिले.

"महाराज, मी चुकीचं वाचलं. अक्षरं तीच आहेत. शब्द मी भलतीकडे तोडला."

राजाने तलवार उपसली. "वाचा. आता सगळं."

एकेका शब्दावर बोट ठेवून पंतांनी पत्र शेवटपर्यंत वाचले. राजाची तलवार हळूहळू खाली आली. मग तो ओरडला, "स्वार सोडा! तुकडीला थांबवा!"

स्वार पोहोचला तेव्हा घाटाच्या तोंडाशी तलवारी म्यानाबाहेर होत्या. समोर दहा माणसे हार आणि घागरी घेऊन उभी होती. आपले काय चुकले, हेच त्यांना कळत नव्हते. वार मात्र अजून एकही झाला नव्हता.

राजाने पंतांना वर्षभर दरबारात वाचायला बंदी केली. पंतांनी मान लववली. ते दहाही जण सुखरूप आहेत ना, एवढेच त्यांनी स्वाराला विचारले.

तात्पर्य: आधी शेवटपर्यंत नीट वाचावे, मग मोठ्याने बोलावे; आणि वाचण्यात चूक झालीच, तर जिवाची भीती असली तरी ती वेळेत सांगावी.