अंगठ्याची कुस्ती

"संध्याकाळच्या आत माडी रिकामी करा. तालीम खेळाडूंची आहे, आळशांची नाही!"

सर्जेराव सरकारांनी हुकूम सोडला आणि मिशीवरून हात फिरवला. संस्थान जाऊन जमाना झाला होता, पण वडाळीची तालीम अजून त्यांच्या मालकीची होती, आणि तेवढ्याशा राज्यावर ते बादशहाच्या थाटात हुकूम सोडत. स्वतः शेवटची कुस्ती कधी खेळले, हे गावात कुणालाच आठवत नव्हतं. पोट मात्र दरसाल पुढं सरकत होतं.

वैजयंता जिन्यातच थबकली. ती सरकारांच्या ड्रायव्हरची, दगडू लोहाराची मुलगी. ती आणि तिच्या तीन मैत्रिणी माडीवर बसून मोबाईलवरच्या गाड्यांच्या शर्यतीचा सराव करत, कारण गावात इंटरनेट नीट चाले ते फक्त तिथं. रविवारी राज्याची अंतिम फेरी होती आणि ती तिथूनच खेळायची होती. माडी गेली की वर्षभराची मेहनत पाण्यात.

"सरकार, आम्हीपण खेळाडूच आहोत," ती खाली येऊन म्हणाली.

"खेळाडू?" सरकार कुत्सित हसले. "अगं, खेळायचं तर घाम गाळावा लागतो, अंगाला माती लागावी लागते. तुमचे नुसते अंगठे हलतात. तेवढे तर माझी आजीही जपमाळ ओढताना हलवायची. तिला काय चांदीची गदा द्यायची?"

भोवतीचे पैलवान खदाखदा हसले. सरकारांनी विनोद केला की हसायचं, नाहीतर खुराकाच्या दुधात पाणी वाढायचं.

वैजयंताचे कान तापले. "मग खेळ कशाला म्हणायचं, ते तरी सांगा."

"समोरच्याची पाठ मातीला लावली, की तो खेळ. लाव माझी पाठ, त्या अंगठ्यांनी! मला हात लावायचा नाही, धक्का द्यायचा नाही. जमलं तर माडी तुमची. नाही जमलं तर रविवारी तिथं पेंडीची पोती पडतील."

"आणि निकाल कोण देणार?"

"हलगी. दुसरं कोण?"

तालमीचा नेमच होता तसा. पाठ लागली की हलगीवाल्या सदबानं थाप मारायची, आणि थाप पडली की मालकानंही तोंड उघडायचं नाही. नेम सरकारांच्या आजोबांनी घातलेला, त्यामुळे मोडायचीही सोय नव्हती.

वैजयंतानं क्षणभर विचार केला आणि एक मोबाईल पुढं केला. "माझ्याशी एक शर्यत लावा, सरकार. तुमच्या मते पोरखेळच आहे."

"आण इकडं. भर पावसात घाटातनं जीप काढलेला माणूस आहे मी!"

"मग बसा इथं हौद्याच्या कट्ट्यावर. खाली इथंच थोडंफार इंटरनेट येतं."

सरकार कट्ट्यावर ऐसपैस बसले. त्यांच्या पाठीमागं कुस्तीच्या हौद्यात नुकतीच उकरलेली, तेल आणि ताक मुरलेली लाल माती होती.

शर्यत सुरू झाली. पडद्यावरची गाडी डावीकडं वळली तसे सरकारही डावीकडं कलले. उजव्या वळणाला तर त्यांनी शेजारच्या पैलवानाला खांद्यानं कट्ट्याच्या टोकापर्यंत रेटलं. घाम कपाळावरून मिशीत उतरू लागला.

"अंगठेच हलवायचे असतात, सरकार," वैजयंता शांतपणे म्हणाली.

"गप बस गं!"

तिची गाडी सुळकन पुढं गेली. सरकारांनी चेव येऊन वेग वाढवला आणि घाटातलं शेवटचं वळण चुकलं. समोर दरी.

"ब्रेक! अरे, ब्रेक कुठाय?"

त्यांनी दोन्ही पाय ताडकन पुढं रोवायला घेतले आणि अंग मागं झोकलं. पाय गेले वर, धोतर गेलं त्याहून वर, आणि सरकार उताणे मातीत!

सदबाच्या हातानं सवयीनं थाप मारली. कुणासाठी मारली हे ध्यानात आल्यावर त्यानं हलगी पाठीमागं लपवली. कुणी हसलं नाही. हसावं की रडावं, हे सरकारांनी अजून ठरवलं नव्हतं.

"ही कुस्ती नव्हे!" ते मातीतूनच ओरडले. "मी आपला आपण पडलो. हिनं केलं काय?"

"डाव टाकला," वैजयंता म्हणाली. "समोरच्याचा तोल कुठं जातो ते हेरा आणि तिथंच डाव टाका, असं तुम्ही पोरांना रोज ओरडून शिकवता. ते वर माडीवर ऐकू येतं. पहिल्यांदा खेळणारा गाडीबरोबर स्वतःच वळतो आणि ब्रेक पायानं दाबतो. आमच्या बाबांचा जन्म गाडी चालवण्यात गेला, तेसुद्धा हे खेळताना बाजेवरून पडले. म्हणून तर तुम्हाला कट्ट्यावर बसवलं. आता तुम्हीच बघा, सरकार. घाम आला, माती लागली, पाठही लागली. आणि हलवलेत काय, तर नुसते अंगठे!"

सरकार आढ्याकडं बघत पडून राहिले. आधी त्यांचं पोट हललं, मग मिशी, आणि मग सगळी तालीम दणाणून जाईल असे ते हसत सुटले.

"माडी तुमची. आणि उद्यापासून या चौघींना पैलवानांइतकंच दूध आणि बदाम!" ते धोतर सावरत उठले आणि पुन्हा कट्ट्यावर, खांबाजवळ बसले. "आण तो मोबाईल. आणखी एक शर्यत. सदबा, ती हलगी ठेव खाली. माझा फेटा सोड आणि त्यानं मला या खांबाला घट्ट बांध."