दिवा वाढव

“मग माझं नाव कुठे आहे, बुवा?”

सावरबांधे साहेब मठाच्या दारातच कडाडले. बूट काढायचंही भान नव्हतं.

गेनूबुवा कंदिलापाशी बसले होते. “आधी बूट काढ. मग नाव शोधू.”

बूट निघाले. राग काही निघेना.

तसं साहेबांचंही चुकत नव्हतं म्हणा. टेकडीखालच्या खोऱ्यात खांब होते, तारा होत्या. वीज मात्र रुसलेल्या जावयासारखी, यायची ती परत जायलाच. शेवटी सरकारने मनावर घेतलं, कोट्यवधी रुपये ओतले. घाटमाथ्यावरून मनोऱ्यांची मोठी लाईन आली, नवं उपकेंद्र झालं. ती लाईन या इंजिनिअरने भर पावसात कड्याकपाऱ्यांतून ओढून आणली होती. आज सांजेला मंत्री कळ दाबणार होते.

“कोनशिलेवर मंत्र्यांचं नाव, सभापतींचं नाव, कंत्राटदाराचंसुद्धा! आणि मी काय इथे गोट्या खेळलो? समारंभ सोडून आलोय. उद्या राजीनामा देतो.”

बुवांनी दाराकडे पाहिलं.

बाहेर अंधारून आलं.

“दिवा वाढव,” बुवा म्हणाले.

साहेब शहरातले, इंग्रजी शाळेतले. त्यांनी कंदिलाची वात वर केली.

“वाढव रे.”

आणखी वर. काच काजळली.

“अरे, वाढव म्हणतोय ना!”

“आता केवढा वाढवू? भडका उडेल, बुवा!”

बुवा खो खो हसले. “शहाण्या, दिवा विझव असं कुणी म्हणतं का? वाढव म्हणतात!”

आणि त्यांनी स्वतःच वात खाली ओढली. मिट्ट काळोख झाला.

“आता बाहेर बघ.”

साहेब अंगणात आले. खाली काहीच दिसेना...

“बुवा... लाईन धरली नाही वाटतं.” कोनशिला ते पार विसरले होते.

तेवढ्यात खोऱ्याच्या तोंडाशी एक वाडी उजळली. मग तिच्या पलीकडची. बघता बघता सगळं खोरं लखलखलं. खालून आरोळी उठली, “आलीऽऽ! लाईट आलीऽऽ!” कुणीतरी हलगी बडवायला घेतली.

दिवे एकदा थरथरले. साहेबांचा जीव टांगणीला लागला. मग दिवे ठाम झाले.

“टिकली! बुवा, टिकली!” साहेब अनवाणी नाचत होते आणि डोळे पुसत होते.

बुवा त्यांच्या मागे येऊन उभे राहिले.

“आता सांग. यातल्या कुठल्या दिव्यावर घालायचं तुझं नाव?”